बोटभर प्रवाळ

सरांना बसलेलं कुणी पाहिलंय का, असं मी एकदा आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं होतं. अकरा जणांनी उत्तर दिलं आणि अकराही जणांनी ‘नाही’ लिहिलं. एकानं वर जोडलं, की बँकेत पेन्शनच्या रांगेतसुद्धा सर रांगेच्या बाजूनं येरझाऱ्या घालतात आणि पुढचा माणूस त्यांची जागा धरून ठेवतो.

शिकवतानाही तेच. बोलता बोलता दारातून बाहेर पडायचे, व्हरांड्याच्या टोकापर्यंत जायचे आणि परत यायचे. बोलणं मात्र कुठेही थांबायचं नाही. खिडकीजवळच्या बाकांवरच्या पोरांना त्यामुळे जास्त प्राणिशास्त्र यायचं. मी भिंतीकडे बसायचे. माझी जेलीफिश अजून कच्ची आहे आणि आता मीच ती दुसऱ्यांना शिकवते.

गोंदियाच्या कॉलेजात सरांनी जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलं, पण त्यांचं खरं काम घराच्या मागच्या खोलीत चाले. ते काम होतं खोल समुद्रातल्या मऊ प्रवाळांचं. प्रवाळ म्हणजे पोवळं. पण हे दगडासारखं टणक होणारं नव्हे. हे मऊ, झुडपासारखं, पाण्यात डोलणारं. इथून कुठल्याही दिशेला समुद्र गाठायचा तर आगगाडीत एक अख्खा दिवस जातो, आणि हा माणूस हजार मीटर खोलीवरच्या प्राण्यांची चित्रं काढत बसायचा. बसायचा म्हणजे उभा राहायचा. सूक्ष्मदर्शकाच्या टेबलाच्या चारी पायांखाली त्यांनी विटा घातल्या होत्या, म्हणजे उभ्यानं डोळा लावता येई.

गंमत अशी, की त्यांनी समुद्र पाहिलाच नव्हता. कुणी हसलं की चिडायचे.

“कायले पाहू? वरून पायलं तं पानीच दिसते. हे रायते हजार मीटर खाली. मुंबईवाल्याले तरी कुठं दिसते हे?”

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, शेवटी कंटाळून आपल्या बहिणीबरोबर पुरीला जाऊन आल्या. आल्या आल्या सरांनी त्यांना विचारलं, तिथला तळ कसा होता, रेतीचा की खडकाचा. काकू म्हणाल्या, “मी दर्शनाले गेली होती जी, बुडाले नाई.”

सरांचे वडील राइस मिलमध्ये तांदळाचा नमुना पाहणारे. पोत्यात टोकदार नळी खुपसून काढलेला मूठभर तांदूळ तळहातावर पसरायचा आणि सांगायचं, कोणता, किती जुना, कनकी किती, भेसळ किती. कनकी म्हणजे तुटलेला तांदूळ. ती नजर सरांकडे जशीच्या तशी आली होती. जवळच्या गोरेगावच्या आठवडी बाजारात त्यांच्याबरोबर जायची मला लाज वाटायची. तांदळाच्या प्रत्येक ढिगापाशी थांबणार, चिमूटभर उचलणार, बोटानं चार दाणे वेगळे करणार आणि चार गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं सांगणार, “ह्याच्यात तीन जातीचा आहे.” एकदा एक बाई कमरेवर हात ठेवून उभीच राहिली. “ओ मास्तर, तुमी घेऊन रायले का तपासून रायले?” सर म्हणाले, “तपासून रायलो.” आणि पुढच्या ढिगाकडे गेले.

मऊ प्रवाळाचं शास्त्र त्यांना इतकं का मानवलं, ते मला त्या बाजारातच कळलं. या प्राण्यांच्या अंगात चुन्याचे अतिबारीक कण असतात. कुणी काटेरी, कुणी चातीसारखे दोन्हीकडे निमुळते, कुणी डंबेलसारखे. पुस्तकात त्यांना स्क्लेराइट म्हणतात. सर त्यांना कनकीच म्हणत. वरून दोन प्रवाळं अगदी सारखी दिसतील, पण कण वेगळे असले तर जात वेगळी. तुकडा ब्लीचच्या पाण्यात टाकायचा, मांस विरघळून जातं, कण तळाशी बसतात. ते धुवायचे, काचेवर पसरायचे आणि एकेकाचं चित्र काढायचं.

नवा प्राणी नुसता सापडून भागत नाही. तो कसा आहे, ओळखीच्या प्राण्यांपेक्षा कुठे वेगळा आहे, हे कुणीतरी शब्दांत आणि चित्रांत मांडून छापावं लागतं. तोवर शास्त्राच्या लेखी तो नसतोच. या मांडणीला ‘वर्णन’ म्हणतात आणि सरांच्या तोंडी हा शब्द दिवसातून पन्नास वेळा यायचा. वर्णनात विशेषणं लिहिली की त्यांचं डोकं फिरे. एका मुलीनं जर्नलमध्ये ‘सुंदर’ लिहिलं तर भर वर्गात विचारलं, “किती सुंदर? मिलिमीटरमध्ये सांग.” ती मुलगी मीच.

या वर्णनाच्या वेडापायी त्यांनी एकदा स्वतःची सायकल गमावली होती. ती चोरीला गेली तेव्हा त्यांनी पोलिसांना सहा पानी अर्ज दिला. चाकाच्या आऱ्या, सीटवरच्या भेगांची लांबी, कॅरिअरच्या पाच खिळ्यांची एकमेकांपासूनची अंतरं, सगळं. हवालदारानं अर्ज वाचला आणि विचारलं, “सर, सायकल गेली का घरचं कोनी गेलं?” आठवड्याभरात सायकल सापडली. सर बघायला गेले, पट्टी लावून मोजमाप केलं आणि म्हणाले, “ही माही नव्हे. ह्याले चारच खिळे आहेत.” चोरानं आदळआपट केली असेल, एक खिळा पडला असेल, असं सगळं ठाणं त्यांना समजावत होतं. सर ऐकेनात. “लिहिलं ते पाच आहेत. चार असतील तं ती दुसरी.” तिसऱ्या दिवशी काकू गुपचूप जाऊन सायकल घेऊन आल्या. पुढे दहा वर्षं सर ती वापरत होते आणि ती आपली नाही, असंच म्हणत होते.

एम.एस्सी. झाल्यावर मला त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचं काम मिळालं, तेव्हा सर निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. त्यांनी मला निरोप धाडला, की वेळ असेल तेव्हा येत जा, स्लाइडी धुवायला माणूस पाहिजे. मी गेले आणि अडकले. कॉलेज सुटलं की त्यांच्याकडे. ते मला ‘मास्तरीन’ म्हणायचे. कामात चुकले की ‘मास्तरीन बाई’. शेजारी राइस मिल होती, वाऱ्याबरोबर तिचा कोंडा खोलीत यायचा आणि काचेवर बसायचा. त्या कोंड्याशी सरांचं कायमचं भांडण. खिडक्यांना ओलं धोतर बांधायचं काम माझं.

आणि स्पिरिट आणायचं काम दोघांचं. प्राणी टिकवायला स्पिरिट लागतं आणि स्पिरिटाला परवाना लागतो. कचेरीतला कारकून दर वेळी संशयानं विचारायचा, “एवढं कायले लागते सर तुमाले?” सर शांतपणे सांगायचे, “मेलेल्याले पाजाले.” मग मी अर्धा तास खुलासा करत बसायचे.

घरी दोन पांढरे कॅन शेजारी शेजारी असत. एकात स्पिरिट, दुसऱ्यात फॉर्मलीन. ते बेडूक आणि मासे ठेवायला. मी त्यांच्यावर लेबल चिकटवायचे, उन्हाळ्यात डिंक सुटायचा, लेबल खाली पडायचं. सरांना लेबलाची गरजच नव्हती. झाकण उघडायचं, नाक लावायचं, बस. “लेबल फसवते, नाक नाई फसवत.” हे ऐकून ऐकून मीही लेबलं लावायची सोडून दिली. यातली चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते.

ज्या प्रवाळाची ही गोष्ट, ते आलं एका बरणीतून. सरांचा एक विद्यार्थी समुद्रतळाची पाहणी करणाऱ्या जहाजावर नोकरीला होता. दिवाळीला घरी येताना त्यानं रीतसर परवानगी काढून ती बरणी आणली. त्याच्या वरिष्ठांना हा प्राणी ओळखता येत नव्हता. बोटभर लांबीचं, फिक्या रंगाचं, सात फांद्यांचं झुडूप. तळाशी सोडलेल्या जाळ्याला चिकटून एकच आलं होतं. सरांनी पहिला तुकडा ब्लीचमध्ये टाकला, कण पाहिले आणि डोळा न काढता म्हणाले, “हे कोनीच लिहिलं नाई.” त्यानंतर ते घराबाहेर पडून जे चालायला लागले ते थेट शहराबाहेर, कुडव्याच्या वाटेला लागले. काकूंनी मला स्कूटीवरून त्यांना शोधायला पाठवलं.

पुढची अडीच वर्षं त्या बरणीची. जगात जिथे जिथे जवळच्या जातींची वर्णनं छापली गेली होती ती सगळी मिळवायची, एकेक कण ताडून बघायचा. पाच स्लाइडी आणि एकेचाळीस चित्रं तयार झाली. मधल्या काळात आम्ही दोघंही कोरोनानं आजारी पडलो, बरे झालो. सर थोडे वाळले, पण येरझाऱ्या तितक्याच. नावही ठरलं. लोकांनी नाना नावं सुचवली, गोंदियाचं नाव घाला म्हणाले, कुणी सरांच्या वडिलांचं सुचवलं. सरांनी लॅटिनमधला धान्याच्या कणासाठीचा शब्द घेतला. त्यांच्या मते प्राण्याचं नाव त्याच्याबद्दलच काहीतरी सांगणारं हवं होतं, आपल्याबद्दल नव्हे.

जुलैत मी पंधरा दिवस माहेरी दवनीवाड्याला गेले. भाताची रोवणी होती आणि मजूर मिळत नव्हते, त्यामुळे घरातली शिकलेली-न शिकलेली सगळी चिखलात उतरली होती. परत आले तेव्हा काकूंनी जेवायला थांबवलं. चिन्नोर या वासाच्या तांदळाचा भात होता. ओसरीपर्यंत वास सुटला होता. सर उभ्याउभ्या जेवले आणि काकूंना विचारलं, “आज कोनता तांदूळ होता?” काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या पाहण्याचा काही अर्थ लावला नाही.

महिन्याभरानं, ऑगस्टच्या अखेरीस, सरांना एका फांदीच्या बुडाचे कण पुन्हा पाहायचे होते. त्यांनी बरणीतून लहानसा तुकडा कापून दिला, मी तो बाहेर मोरीपाशी ब्लीचमध्ये टाकला. मांस विरघळलं. तळाशी काही नव्हतं. सर म्हणाले, तुकडा लहान पडला असेल. दुसरा घेतला. तळाशी काही नाही. तिसऱ्या तुकड्याला सरांचा आवाज चढला. “कनकी कुठं गेली?”

चुन्याचे कण जातात कशानं, हे प्राणिशास्त्राच्या पहिल्या वर्षाला येतं. फॉर्मलीन ठेवून ठेवून आंबट होतं, आणि आंबटात चुना विरघळतो. सरांनी बरणी उचलली, झाकण काढलं, नेहमीसारखं नाक लावलं, चांगला लांब श्वास घेतला आणि म्हणाले, “स्पिरिटच आहे.”

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं. हातभर अंतरावर उभी होते मी, आणि फॉर्मलीनचा तो वास घशात सुईसारखा टोचत होता. सर बरणीत नाक घालून उभे होते आणि त्यांना काही म्हणजे काही जाणवत नव्हतं. त्या एका क्षणात मला सगळं कळलं. चिन्नोर, काकूंचं ते पाहणं, कोरोना. उन्हाळ्यात बरणीतलं स्पिरिट उडालं असणार, मी गावी असताना सरांनी ती भरली असणार, नाक लावून, खात्री करून, चुकीच्या कॅनमधून.

“तू कायले रडून रायली?” सरांनी विचारलं. आणि मग, “फॉर्मलीन आहे का?”

मी मान हलवली.

“मी तं नाक लावून स्पिरिटच भरलं होतं. हे कोनं टाकलं?”

आता विचार करते तेव्हा वाटतं, विचार करायला मला वेळच मिळाला नाही. मला एवढंच दिसत होतं, की या माणसाचा स्वतःच्या नाकावर, डोळ्यांवर आणि हातावर विश्वास आहे आणि त्या विश्वासावरच एकेचाळीस चित्रं उभी आहेत. नाक गेलं हे कळलं तर तो डोळ्यांवर संशय घेईल. सायकल परत न घेणारा माणूस हे वर्णनही फाडून टाकेल.

“मी,” मी म्हटलं. “गावाला जायच्या आधी मीही थोडी भरली होती. कॅन चुकला.”

सर रागावले नाहीत. खोलीत चार-पाच फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, “तुह्या नाकाले काय झालं होतं?” मी म्हटलं, सर्दी. ते म्हणाले, “लिहा लागते हे वर्णनात.”

आणि लिहिलं. आधी बनवलेल्या पाच स्लाइडींवर कण शाबूत होते, त्यामुळे वर्णन तरलं. पण नमुना कुठे ठेवला, कशात ठेवला, हे सांगणाऱ्या परिच्छेदात सरांनी एक वाक्य घातलं: दुसऱ्या लेखिकेच्या हातून बरणीत फॉर्मलीन पडल्यामुळे नमुन्यातील कण विरघळले आहेत. दुसरी लेखिका म्हणजे मी. सरांनी मला न विचारता माझं नाव लेखात घातलं होतं. कष्टाबद्दलही आणि चुकीबद्दलही. मी म्हटलं, सर, असं कुणी लिहीत नाही. म्हणाले, “म्हनूनच कोनाचं वर्नन खरं वाटत नाई.”

लेख पाठवला. तपासणाऱ्यांचे प्रश्न आले, सरांनी उत्तरं दिली. आठ महिने गेले आणि त्या आठ महिन्यांत मला एक दिवस स्वस्थता नव्हती. वर्गात शिकवताना मधेच थांबायचे. कॅनवर लेबलं लावली, वर पारदर्शक टेप मारली, तीन-तीनदा. सर कॅनला नाक लावायचे तेव्हा मी दुसरीकडे बघायचे. काकूंना मी एकदा स्वयंपाकघरात हळूच विचारलं, सरांना वास येत नाही ना? काकू पोळी लाटता लाटता म्हणाल्या, “भाजी करपते, दूध नासते, तुह्या सराले काई समजत नाई. बोललं तं म्हनतात, तुहाच स्वयंपाक बेचव झाला. मी कायले बोलू?” म्हणजे आम्ही दोघी गप्प होतो. एकच माणूस, त्याच्या आयुष्यात खोटं चालत नाही, आणि त्याच्याभोवती आम्ही दोघींनी मिळून एक छोटंसं खोटं नीट सांभाळून ठेवलं होतं. मला स्वतःचा भयंकर राग यायचा, आणि त्यांचाही यायचा. असा कसा हा माणूस, की ज्याला साधं खरं सांगता येत नाही!

एप्रिलमध्ये छापायच्या आधीची अंतिम प्रत आली. दोन दिवसांत काय असेल ती दुरुस्ती कळवा, नंतर बदल होणार नाही. मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मोबाइलवर ती उघडली आणि ते वाक्य छापील अक्षरांत पाहिलं. अडीच वर्षांचं काम, त्यातलं एकूण एक वाक्य मोजून, ताडून लिहिलेलं, आणि त्यात हे एक खोटं. माझी बदनामी होईल याचं काही वाटलं नाही. तासिकावाल्या बाईला कोण विचारतो! पण सरांच्या नावाखाली खोटं कायमचं छापलं जाणार होतं, आणि ते मी घातलेलं होतं. पुढचा तास न घेता मी स्कूटी काढली.

सर अंगणात चालत होते. मी गाडी स्टँडवर लावायच्या आधीच बोलून टाकलं.

“सर, फॉर्मलीन मी नाही टाकलं. तुम्ही टाकलं. तुम्हाला वास येत नाही.”

ते थांबले. मी पुढे बोलत राहिले. बरणी, चिन्नोर, माझी सर्दी नव्हती, सगळं. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. काकूंनी पदर सारखा केला, पण नाही म्हटलं नाही.

“आठ महिने तू माह्यावर दया करून रायली होती?” सर म्हणाले.

मी म्हटलं, “वाक्य बदलून पाठवते. पहिल्या लेखकाच्या हातून, असं.”

“वाक्याचं सोड.” ते आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. “नाक गेलं अन मले समजलं नाई. मंग डोळे? डोळे कधीचे गेले असतील तं? एकेचाळीस चित्रं कोनाच्या भरोशावर छापू?”

ज्याची भीती होती तेच झालं. मी म्हटलं, मी तपासते, एकेक चित्र स्लाइडीवर ताडून सांगते. पाचही स्लाइडींवर प्रत्येक कणाची जागा नोंदलेली होती, सापडायला अडचण नव्हती. मी टेबलाखालच्या विटांमुळे टाचा उंचावून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. सर माझ्या मागे फेऱ्या मारत राहिले. सूक्ष्मदर्शकाला हात लावायला तयार नव्हते.

पहिलं चित्र. गाठी मोजल्या, लांबी मोजली, टोकं पाहिली. “बरोबर आहे.” दुसरं बरोबर. तिसरं बरोबर. दुपार कलली, काकूंनी चहा ठेवला, तो तसाच गार झाला. संध्याकाळपर्यंत चौदा झाली. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून सकाळी सातला पुन्हा सुरू. पंधरा, सोळा, सतरा. दर वेळी मी बरोबर म्हणायचे आणि दर वेळी मागची पावलं जरा जास्त जोरात पडायची.

विसाव्या चित्राला सर म्हणाले, “बस झालं. मेल कर त्याइले. छापू नका म्हन.”

“काऊन?” माझ्या तोंडून माहेरची भाषा निघाली.

“वीस चित्रं. सत्तरीचा मानूस. अन एकबी चुकलं नाई?” ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. “तुले बरोबरच दिसन. फॉर्मलीन माह्यासाठी अंगावर घेतलं तू. चित्र कायले चुकीचं म्हनशीन? तुह्या बरोबर म्हनन्यावर मी कसा विश्वास ठेवू, सांग.”

मला रडू आलं, आणि या वेळी फॉर्मलीन नव्हतं. कारण ते म्हणत होते ते खरं होतं. वीस वेळा मी प्रामाणिकपणे बरोबर म्हटलं होतं आणि त्यातल्या एकाचीही किंमत नव्हती. मी म्हटलं, “दुपारपर्यंत थांबा. एकेचाळीस होऊ द्या. मग मी स्वतः मेल करते.”

एकवीस ते सव्वीस बरोबर निघाली. मी आता ‘बरोबर’ इतक्या हळू म्हणत होते की मलाच ऐकू येत नव्हतं.

सत्ताविसावा कण सरांचा लाडका होता. चातीसारखा, पण एका टोकाला फाटा फुटलेला. वर्णनातही त्याच्यासाठी एक वाक्य होतं: काही कणांची टोकं दुभंगलेली. मी पाहिलं. फाटा दिसत होता, चित्रात होता तसाच. पुढे जाणार तेवढ्यात सवयीनं बारीक स्क्रू जरासा फिरवला, आणि मुख्य कण धूसर झाला पण फाटा स्पष्टच राहिला. पुन्हा फिरवला. फाटा धूसर झाला, कण स्पष्ट झाला. दोन्ही वेगवेगळ्या पातळीवर होते. हा एक दुभंगलेला कण नव्हता. एका कणावर दुसरा बारका कण आडवा पडला होता.

मी डोळा काढला नाही. डोळा काढला की बोलावं लागणार होतं. पुसटशी चूक होती, जगात कुणाच्याही लक्षात आली नसती, आणि जात नवी असण्याला त्यानं काही धक्का लागत नव्हता. पण वीस बरोबर ऐकून लेख मागे घ्यायला निघालेल्या माणसाला आता चूक सांगायची होती. माझ्या मागची पावलं थांबली होती.

“काय झालं?” सरांनी विचारलं.

“चुकलंय,” मी म्हटलं. “एक नाही, दोन आहेत. एकावर एक.”

मग त्यांनी मला खांद्याला धरून बाजूला केलं, डोळा लावला आणि स्क्रू पुढे-मागे, पुढे-मागे फिरवला. मी भिंतीला टेकून उभी राहिले. आता हे सगळं फेकून देतील, बरणीसकट, असंच मला वाटत होतं.

“दोनच होत,” सर म्हणाले. “वाक्य कापा लागन. दुभंगलेली बिभंगलेली काई नाई.”

त्यांनी खिशातली पेन्सिल काढली, चित्रावर एक काट मारली, शेजारी तारीख घातली आणि सही केली. मग कागद माझ्याकडे सरकवला. मीही सही केली. सरांच्या चेहऱ्यावर दोन दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी हलल्यासारखं दिसलं.

“मंग आधीचे सव्वीस खरे होत,” सर म्हणाले, आणि अठ्ठाविसाव्या कणाची स्लाइड त्यांनी स्वतःच्या हातानं लावली.